केळ्यांच्या बोटीवरचा साक्षीदार

एडिसन, न्यू जर्सी
६ ऑक्टोबर २०२४

चिरंजीव विष्णू,

तू मला ओळखत नाहीस. मी वसुधा. गुहागरला तुझ्या आजोळच्या शेजारचं घर आमचं. तुझी आई शालन माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण, लहानपणी दोघी सारख्या माझ्या मागेमागे असायच्या. परवा तिचा फोन आला. "वसुताई, माझा विष्णू तुमच्या अमेरिकेत अडकलाय हो. त्याची बोट पकडून ठेवलीय, फोनपण काढून घेतलाय," म्हणाली आणि पुढे नुसतीच रडली. तुझ्या वकीलबाईंच्या ऑफिसचा पत्ता तिनेच दिला.

मी इथे पंचेचाळीस वर्षं आहे. भूल देणारी डॉक्टर होते, आता रिटायर्ड. फिलाडेल्फिया आमच्यापासून फार लांब नाही, पण गुरुदत्तांचा, म्हणजे माझ्या मिस्टरांचा, गुडघा नुकताच बदललाय आणि मी हल्ली टर्नपाइकच्या हायवेवर ड्राइव्ह करत नाही. म्हणून पत्र. हाताने मराठी लिहून इतकी वर्षं झाली की 'ळ' काढताना हात अडखळतो. हसू नकोस.

नक्की काय झालंय? तुला जेवायला काय देतात? सोबत तिकिटं लावलेली पाकिटं ठेवली आहेत.

तुझी वसुधामावशी

*

फिलाडेल्फिया
१४ ऑक्टोबर २०२४

वसुधामावशी, नमस्कार.

तुमचं पत्र वकीलबाईंनी हातात दिलं तेव्हा आधी वाटलं, आईनेच पाठवलं.

काळजी करण्यासारखं काही नाही. बोटीच्या कागदपत्रांची भानगड आहे. आम्ही दक्षिण अमेरिकेतून केळी घेऊन इथे नदीत आलो आणि सरकारी लोकांनी बोट थांबवली. आम्हा सहाजणांना हॉटेलात ठेवलंय. कोर्टाचं काम होईपर्यंत जाता येणार नाही. दारात एक गार्ड बसतो, स्वभावाने चांगला आहे. हॉटेलचा फोन फक्त खाली रिसेप्शनला लागतो. आठवड्यातून एकदा वकीलबाईंच्या ऑफिसातून घरी फोन करू देतात. केसबद्दल कुणाशी बोलायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

जेवण ठीक. ब्रेड, चिकन, बटाटे. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, राजाराम म्हणून आहे. आमच्याच तालुक्यातला. आम्ही राजदादा म्हणतो. तो खोलीतल्या कॉफीच्या मशीनमध्ये चहा करतो. त्याला कॉफीचा वास येतो, पण गरम असतो. रोज सकाळी माझं दार वाजवून कप देतो.

आईला सांगा, मी मजेत आहे.

विष्णू

*

एडिसन
२४ ऑक्टोबर २०२४

चि. विष्णू,

चकल्या, शेव आणि बेसनाचे लाडू पाठवतेय. चकल्या ओक ट्री रोडच्या देशी दुकानातल्या आहेत, लाडू मात्र मी केलेत. तुझ्या राजदादालाही दे. त्याच्यासाठी चहाचा मसाला ठेवलाय, म्हणजे कॉफीचा वास तरी दबेल.

शालनला फोन केला. कागदपत्रांचं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.

आमच्याकडे सध्या माझा नातू नील राहतो. माझी मुलगी वैदेही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला असते, तिचा मुलगा. वीस वर्षांचा आहे. कॉलेजला ब्रेक घेऊन आलाय. आजोबांना व्यायामाला नेतो, कुत्र्याला फिरवतो. पार्सल पोस्टात त्यानेच टाकलं.

आणखी काय हवं ते कळव.

वसुधामावशी

*

फिलाडेल्फिया
३ नोव्हेंबर २०२४

मावशी, नमस्कार.

लाडू एका संध्याकाळीत संपले. गार्डने दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत बसला. राजदादाने मसाला नाकाला लावून डोळे मिटले. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तो नसता तर मी दर्यावर टिकलो नसतो. पहिल्या बोटीवर मला बोट इतकी लागली की उभं राहता येईना. चीफ ऑफिसर म्हणाला, याला पुढच्या बंदरात उतरवा. तर राजदादाने आठवडाभर स्वतःचं काम करून वर माझी ड्युटी केली आणि मला भाताची पेज भरवली. दोराला गाठ मारण्यापासून सगळं त्याने शिकवलं.

तुमच्या नीलचं वाचून फार बरं वाटलं. आजीआजोबांची सेवा करायला कॉलेज सोडून आला! अमेरिकेत अशी मुलं असतात हे मला ठाऊक नव्हतं. तुमचे संस्कार. त्याला माझा नमस्कार सांगा. मी आईबापांना वर्षातून दोन महिने दिसतो, माझ्यापेक्षा तो लाख पटीने बरा.

विष्णू

*

एडिसन
२० नोव्हेंबर २०२४

विष्णू,

गुरुदत्तांनी काल तुझ्या बोटीचं नाव इंटरनेटवर शोधलं. केळ्यांच्या खोक्यांमागे कोकेन सापडलं. दोघांना अटक झाली आहे आणि बाकीचे साक्षीदार म्हणून ठेवले आहेत.

तू मला कागदपत्रं म्हणून लिहिलंस. मी तेच तुझ्या आईला सांगितलं.

तू त्यात आहेस का? एवढंच मला हवं आहे. लाडवांबद्दल लिहू नकोस.

वसुधा

*

फिलाडेल्फिया
२७ नोव्हेंबर २०२४

मावशी,

मी त्यात नाही. आईची शपथ. मला अटक झालेली नाही, साक्षीदार म्हणूनच ठेवलंय. आईला कळलं तर ती जेवण टाकील म्हणून तसं लिहिलं. तुमच्याशी खोटं बोललो, माफ करा.

मी काही पाहिलं नाही. आमच्यापैकी कुणीच काही पाहिलं नाही. राजदादा म्हणतो, सगळ्यांनी एवढंच सांगायचं, मग सरकार कंटाळून सोडून देईल. वकीलबाई म्हणतात तसं नसतं. पण त्यांना बोटीवरचं काय माहीत.

तुम्ही रागावला असाल. पत्र लिहिलं नाहीत तरी चालेल. पण आईशी बोलत राहा.

विष्णू

*

एडिसन
१२ जानेवारी २०२५

चि. विष्णू,

दीड महिना मी तुला लिहिलं नाही. तीनदा लिहायला बसले आणि कागद फाडून टाकले.

गेल्या आठवड्यात तुझं ते नोव्हेंबरातलं पहिलं पत्र नीलला टेबलावर दिसलं. त्याला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, फक्त स्वतःचं नाव ओळखतो. म्हणाला, "आजोबा, माझं नाव आहे ना यात? काय लिहिलंय?" गुरुदत्तांनी वाचून दाखवलं. आजीआजोबांची सेवा, संस्कार, सगळं. नील ऐकत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, डोन्ट लाय टू द गाय."

तर खरं सांगते. तो आमची सेवा करायला आलेला नाही, आम्ही त्याला सांभाळतोय.

गेल्या एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर मुलं एका घरात जमली होती. कुणीतरी कोकेन आणलं. नीलने घेतलं. त्याआधी कधी घेतलं होतं का, हे मी त्याला कितीदा विचारलं, आणि तो प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देतो. त्या पुडीत फेंटानिल मिसळलेलं होतं. मुलांना माहीत नव्हतं. नील बाथरूममध्ये पडला, ओठ निळे झाले, श्वास थांबला. त्याचा रूममेट कुश, त्याच्याकडे नाकात मारायचा उताऱ्याच्या औषधाचा फवारा होता, कॉलेजात फुकट वाटतात तो. त्याने तो मारला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तोंडाने श्वास दिला. म्हणून आज नील आहे.

फेंटानिल हे माझं रोजचं औषध होतं, विष्णू. ऑपरेशनच्या आधी मी ते लोकांना द्यायचे, अगदी बारीक मोजून, आणि माझे डोळे पेशंटच्या श्वासावरून हलायचे नाहीत. आयुष्यभर ज्या औषधाने माणसांना दुखू दिलं नाही, त्याच औषधाने माझा नातू बाथरूमच्या फरशीवर पडला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना 'ब्रेक घेतलाय' म्हणते, तुलाही तेच लिहिलं. म्हणजे तू आईपासून लपवलंस आणि मी सगळ्या गावापासून. तुझ्यावर रागवायचा मला काय हक्क?

तू काय पाहिलंस, काय नाही, हे मी विचारत नाही आणि पुढेही विचारणार नाही. तुझ्या वकीलबाई सांगतील तसं कर. तू नीलची स्तुती केली होतीस, ती अशी खोटी ठेवून घेणं मला जमेना, म्हणून लिहिलं.

वसुधामावशी

*

फिलाडेल्फिया
९ फेब्रुवारी २०२५

मावशी, नमस्कार.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

मला दुसऱ्या हॉटेलात हलवलंय. एकटाच आहे. का, ते लिहिता येत नाही. राजदादा आता आमच्यात नाही. सकाळी दार वाजत नाही. मी आपला उठून बसतो आणि थोड्या वेळाने लक्षात येतं.

नीलला सांगा, मी त्याच्यासाठी आमच्या व्याडेश्वराला नवस बोललोय.

विष्णू

*

एडिसन
१६ फेब्रुवारी २०२५

चि. विष्णू,

पत्र वाचलं आणि गुरुदत्तांना हाक मारली. राजदादा असा अचानक कसा गेला? हार्ट का? तुझ्या पत्रांतून मला तो माणूस ओळखीचा झाला होता. परक्या देशात, हॉटेलच्या खोलीत, घरचं कुणी जवळ नाही. त्याच्या बायकोमुलांना कुणी कळवलं का? मृतदेह भारतात न्यायला इथली मंडळं मदत करतात. गुरुदत्त फोन करायला तयार आहेत. तू खाणंपिणं सोडू नकोस.

नील बरा आहे. परवा रात्री स्वतःहून वरणभात मागितला. जवळच्या कॉलेजात दोन क्लास लावलेत. आठवड्यातून तीनदा व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो. तिथे त्याच्यासारखीच मुलं असतात. आधी मी सोडायचे, आता ट्रेनने जातो. तो दार ओढून बाहेर पडला की मी अजून खिडकीशी जाऊन उभी राहते.

नवसाचं त्याला सांगितलं. व्याडेश्वर म्हणजे कोण, हे समजावताना गुरुदत्त आणि मी दोघंही घामाघूम झालो.

वसुधामावशी

*

फिलाडेल्फिया
३० मार्च २०२५

मावशी, नमस्कार.

आधी चूक दुरुस्त करतो. राजदादा जिवंत आहे. मी असं कसं लिहिलं कोण जाणे. तो तुरुंगात आहे, आणि त्याला तिथे मी पोचवलं.

माझी साक्ष झाली. वकीलबाई म्हणाल्या, आता लिहायला हरकत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

केळी भरून निघालो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आणि धुकं होतं. राजदादाने मला पुढच्या स्टोअरमधून रंगाचे डबे आणायला पाठवलं. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, किल्ली विसरली. परत फिरलो. बोटीचा वेग कमी झालेला पायाला जाणवला. वळून मागच्या डेकवर आलो तर खाली पाण्यात दोन लहान जलद बोटी चिकटून उभ्या. राजदादा क्रेनवर होता. जाळ्यातून काळी पोती वर येत होती. इंजिनरूममधली दोघं ती ओढून घेत होती. राजदादाने मान वळवली आणि मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. मी किल्ली न घेताच पुढे निघून गेलो.

रात्री जेवताना त्याने आपल्या ताटातला माशाचा तुकडा माझ्या ताटात ठेवला. मी खाल्ला. तिथेच मी गप्प राहायचं कबूल केलं, मावशी. इथे आलो तर कुत्री घेऊन कस्टमची माणसं वर चढली, पोती सापडली. त्या दोघांना पकडलं. त्यांनी राजदादाचं नाव घेतलं नाही. मग हॉटेल, सकाळचा चहा, आणि 'आपण काही पाहिलं नाही'.

माझ्या मनात होतं की त्या पोत्यांशी आपला काय संबंध. श्रीमंतांची व्यसनं, त्यांची ती जाणोत. मग तुमचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं, राजदादा कप घेऊन उभा. मी म्हटलं, "दादा, बाथरूमच्या फरशीवर पडलेल्या पोराचे ओठ निळे होतात, तुला माहीत आहे?" तो म्हणाला, "कुठलं पोर?" मी नीलचं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "मला सांगितलं होतं, एकच खेप. माझ्या अनयाची मेडिकलची ॲडमिशन होती रे." मी म्हटलं, "तू स्वतः जाऊन सांग." तो म्हणाला, "मला जमणार नाही." मी म्हटलं, "मग मी सांगतो. तुझ्या पाठीमागे नाही सांगत, तुला सांगून जातोय." त्याने अडवलं नाही. कप उचलून निघून गेला. मी वकीलबाईंना बोलावलं. दोन दिवसांनी त्याला घेऊन गेले. मला दुसरीकडे हलवलं.

साक्ष बुधवारी झाली. एक मोठी खोली, लांब टेबल, कॅमेरा. इथल्या कायद्याने आरोपीला समोर बसून ऐकायचा हक्क असतो. राजदादा माझ्यासमोर बसला होता. दाढी वाढलेली. दुभाषी म्हणून जागृतीताई होत्या, नागपूरच्या. मी मराठीत बोलायचो, त्या इंग्रजीत सांगायच्या. सगळे वकील त्यांच्या तोंडाकडे बघत थांबायचे. माझं बोलणं इंग्रजी व्हायच्या आधी कळणारा त्या टेबलावर आणखी एकच माणूस होता. मी वाक्य पुरं करायचो आणि त्याचा चेहरा बदललेला असायचा, बाकीच्यांना अजून काही कळलेलंही नसायचं.

सरकारी वकिलांचे प्रश्न झाले. मग राजदादाचा वकील उठला. म्हणाला, "तुम्ही स्वतःला वाचवायला या माणसाचं नाव घेताय ना? तुम्हाला घरी जायची घाई झाली आहे ना? आधी काही पाहिलं नाही म्हणालात, म्हणजे तेव्हा खोटं की आता?" एकच प्रश्न दहा प्रकारे फिरवून विचारत होता. मी म्हटलं, तेव्हा खोटं. तो म्हणाला, मग खोटं बोलायची सवयच आहे म्हणायची. मी बोलायला तोंड उघडलं की तो पुढचा प्रश्न टाकायचा.

तेवढ्यात राजदादा बोलला. मराठीत. "पुरे झालं. त्याला नका छळू. पोर खरं सांगतंय."

त्याच्या वकिलाला शब्द कळला नाही, पण त्याने घाबरून राजदादाचा दंड धरला. सगळे जागृतीताईंकडे बघायला लागले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग एकदम सगळे वकील बोलायला लागले. राजदादा मात्र खाली बघत होता. मी रडत होतो, मावशी, त्या कॅमेऱ्यासमोर.

सगळं आटोपल्यावर जागृतीताई माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "भाऊ, तुम्ही हिमतीनं बोलले," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

वकीलबाई सांगतात, मेमध्ये मला घरी सोडतील. आईला मी परवा फोनवर सगळं खरं सांगितलं. ती जेवली.

एक मागणं आहे. तुम्हाला मागायची लाज वाटते. राजदादाला तुरुंगात मराठी बोलणारं कुणी नाही. घरचे रागावलेत, फोन घेत नाहीत. माझं पत्र त्याला चालणार नाही. तुम्ही त्याला दोन ओळी लिहाल?

विष्णू

*

एडिसन
११ एप्रिल २०२५

चि. विष्णू,

तुझं पत्र गुरुदत्तांनी मोठ्याने वाचलं. मी मध्येच उठून स्वयंपाकघरात गेले. नील शेवटपर्यंत बसून होता. नंतर त्याने कुत्र्याला फिरायला नेलं आणि बराच वेळ परत आला नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आला तो आइसक्रीम घेऊन. म्हणाला, "ही डिड दॅट बिकॉज ऑफ मी?" मी म्हटलं, तुझ्यामुळे म्हण, त्याच्या स्वतःमुळे म्हण. तो म्हणाला, "नोबडी एव्हर डिड समथिंग लाइक दॅट." आणि डब्यातूनच आइसक्रीम खात बसला.

पाडव्याच्या कार्यक्रमात मी मंडळाच्या स्टेजवर उभी राहिले. नीलला विचारून. नाट्यगीतं आणि जेवण यांच्या मध्ये मला दहा मिनिटं दिली होती, 'आरोग्यविषयक' म्हणून. मी नीलची गोष्ट सांगितली आणि तो नाकातला फवारा कसा मारायचा ते दाखवलं. टाळ्या पडल्या नाहीत, लोक उठून थेट जेवणाकडे वळले. मला वाटलं, संपलं, आता कुणी आमच्याकडे हळदीकुंकवाला येणार नाही. जेवणाच्या लाइनमध्ये एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या रुहीसाठी एक द्याल?" मग आणखी दोघी. मग एक काका, ज्यांना मी आयुष्यात हसताना पाहिलं नव्हतं, ते आले आणि नीलला मिठी मारून निघून गेले. आणलेले सगळे फवारे संपले.

राजदादाचं मात्र मला जमणार नाही, विष्णू. त्याने तुला वाचवलं ते मी ऐकलं. त्याची मुलगी डॉक्टर होणार आहे तेही वाचलं. पण त्याने क्रेन चालवली. मी पेन उचलते आणि मला ती फरशी दिसते. तू माझ्यावर नाराज होऊ नकोस.

जायच्या आधी आमच्याकडे राहायला येता येईल का, वकीलबाईंना विचार. मी टर्नपाइकवर ड्राइव्ह करणार नाही, पण नील करेल.

वसुधामावशी

*

फिलाडेल्फिया
२९ एप्रिल २०२५

मावशी, नमस्कार.

नाराज कसला होईन. मीच वेड्यासारखं मागितलं.

परवानगी मिळाली. विमान १६ मेला नेवार्कहून आहे. त्याआधी दोन दिवस तुमच्याकडे राहू देणार आहेत. नीलला सांगा, मला फक्त बोट चालवता येते, गाडीत मी गप्प बसेन.

आणखी एक बातमी. राजदादाने गुन्हा कबूल केलाय. माल देणाऱ्यांची आणि इथे बंदरावर उतरवून घेणाऱ्यांची नावं त्याने सरकारला सांगितली. वकीलबाई म्हणाल्या, त्यामुळे दुसरी एक बोट नदीत शिरायच्या आधीच थांबवली, आणि इकडची पाच माणसं पकडली. त्याची शिक्षा थोडी कमी होईल, पण होईल. बाईंना मी विचारलं, आता हे बंद होईल का? त्या म्हणाल्या, "ही एक वाट बंद झाली." मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

मुंबईच्या एका कंपनीने मला बोलावलंय. साक्ष दिलेल्या माणसाला कुणी बोटीवर घेणार नाही असं सगळे म्हणायचे. मी आधीच लिहून कळवलं होतं, तरी बोलावलं.

भेटू.

विष्णू

*

एडिसन, न्यू जर्सी
२२ जून २०२५

श्री. राजाराम यांस,

मी वसुधा. विष्णूने तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलंच आहे, आणि माझ्या नातवाबद्दलही.

खरं तर मी तुम्हाला लिहिणार नव्हते. विष्णूलाही तसंच कळवलं होतं. मग मे महिन्यात तो दोन दिवस आमच्याकडे राहिला. त्याने आमच्या मागच्या अंगणातली मोडकी पायरी बसवली, भाज्यांना पाणी घातलं आणि नीलला दोराच्या गाठी शिकवल्या. प्रत्येक गाठ शिकवताना म्हणायचा, ही राजदादाने दाखवली. नीलने विचारलं, "तो माणूस आता काय करतो दिवसभर?" विष्णूला सांगता येईना. एअरपोर्टवरून परत येताना नीलने पुन्हा तोच प्रश्न मला विचारला. मलाही सांगता येईना. हा प्रश्न त्याने महिनाभर सोडला नाही. म्हणून लिहितेय.

मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. ते मला येईल की नाही, माहीत नाही. पण त्या टेबलावर तुम्ही गप्प राहू शकला असता आणि राहिला नाहीत, हे मला माहीत आहे. नंतर नावं सांगितलीत, त्याने कुठल्या तरी घरातला मुलगा वाचला असेल. त्याच्या आजीला हे कधी कळणार नाही, म्हणून तिच्या वतीने मी लिहिते.

विष्णू ठीक पोचला. पुढच्या महिन्यात नव्या बोटीवर जातोय. जाण्याआधी तो तुमच्या घरी जाऊन आला. तुमच्या मिसेसनी त्याला दारातून आत घेतलं नाही, पण अनया मागच्या दाराने आली आणि तुमचा पत्ता लिहून घेऊन गेली. तिचं पत्र आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आलं नाही तरी मी लिहीन.

तुम्हाला वाचायला मराठी काही मिळतं का? पुस्तकं थेट घरून पाठवता येत नाहीत, दुकानातूनच यावी लागतात असं कुणीतरी सांगितलं, आणि मराठी पुस्तकांचं दुकान इथे कुठून आणायचं? हेच विचारायला नील सकाळपासून शेजारच्या खोलीतून तुमच्या तुरुंगाला फोन लावतोय. अर्धा तास होल्डवर आहे. तिकडचं ते संगीत मला इथे ऐकू येतंय. गुरुदत्त म्हणाले, सोड रे, सोमवारी कर. तो म्हणाला, "नो, आय ॲम फाइन."

आता संगीत थांबलं. त्याने दारातून डोकावून मला हात केला. कुणीतरी फोन उचललाय.

वसुधा